गंधकाची पुडी

ज्वारीची काणी ज्याने पाहिली त्याला ती सांगायला नको. कणीस लांबून भरलेले दिसते. दाणा चिमटीत दाबला की पिठाऐवजी काळी बुकटी बाहेर येते. मोठ्या बागायतदाराला हे नुकसान सोसते. तीन एकर कोरडवाहूच्या धन्याचे तसे नाही. त्याच्या घरी तीच ज्वारी म्हणजे भाकरी, तीच सावकाराचे देणे आणि तीच पुढच्या सालचे बियाणे.

आणि घात होई तो बियाण्यातच. खळ्यावर मळणी चालली, की बैलांच्या पायाखाली काणीचे दाणे फुटत आणि बुकटी चांगल्या दाण्यांना चिकटे. डोळ्यांना काही दिसत नसे. पेरलेला दाणा उगवला की बुरशीही उगवे, कोवळ्या रोपात शिरे, आणि कणीस बाहेर पडेपर्यंत पत्ता लागू देत नसे. मग शेतकरी दोष देणार कुणाला? पावसाला, नाहीतर नशिबाला.

पुण्याच्या शेतकी कॉलेजातले जी. एस. कुलकर्णी यांनी मुंबई इलाख्यातल्या ज्वारीच्या काण्या तपासल्या; १९१८ साली त्यांची पुस्तिका पुसाच्या संशोधन संस्थेने छापली. रोग बियाण्याच्या अंगावर असेल, तर औषधही तिथेच लावायचे. आधी मोरचूद आले. मोरचुदाच्या पाण्यात बी बुडवायचे, काढून वाळवायचे. उपाय गुणकारी खरा, पण वेळ चुकली तर उगवणच मार खाई, आणि ओले बी लगेच वाळवावे लागे. पेरणीच्या घाईत हे कोण करणार? पुढे बारीक गंधकाची भुकटी आली. बी. एन. उप्पल आणि देसाई यांनी अशा कोरड्या भुकट्यांची पारख करून १९३१ मध्ये निष्कर्ष छापले. पाणी नको, वाळवण नको. मडक्यात बी घ्या, गंधक टाका, तोंड बांधा आणि हलवा.

प्रमाण आजही साधे आहे: एक किलो बियाण्याला चार ग्रॅम. एकराला चार किलो बी धरले, तर सोळा ग्रॅम गंधक झाले. एवढ्यासाठी कर्ज काढावे लागत नाही, बैल विकावा लागत नाही. मला या शोधाचे मोठेपण इथेच वाटते.

अर्थात गंधकाने सावकार उठला नाही. पुण्याजवळच्या पिंपळे सौदागर गावाची पाहणी करून हॅरॉल्ड मान यांनी १९१७ साली पुस्तक प्रसिद्ध केले. जमिनीचे बारीक तुकडे आणि डोक्यावरचे कर्ज यांपुढे बहुतेक कुटुंबांचा नुसत्या शेतीवर निभाव लागत नाही, असे त्यात दिसले. ते दुखणे मडक्यात बी हलवून जाणारे नव्हते.

काण्याही चार. दाणे काणी आणि मोकळी काणी बियाण्यावाटे येतात, म्हणून त्या गंधकाला हार जातात. झिपरी काणी मुख्यतः जमिनीतून येते, लांब काणी वाऱ्यावरून. तिथे पुडी चालत नाही. तशी कणसे फुटण्याआधीच पिशवीत अलगद धरून कापायची, आणि बांधावर न टाकता जाळायची.