नासाच्या दाखल्याची पाठचिकित्सा

ऑगस्ट २०१९ मध्ये पवईला आयआयटी मुंबईचा दीक्षान्त समारंभ झाला. त्यात तेव्हाचे केंद्रीय मनुष्यबळ विकासमंत्री रमेश पोखरियाल ‘निशंक’ म्हणाले की, पुढेमागे बोलणारा संगणक आलाच तर तो संस्कृतमुळे येईल, असे नासा सांगते. कारण संस्कृत जशी बोलली जाते तशीच लिहिली जाते. भाषणाचा तो तुकडा समाजमाध्यमांवर फिरला. काहींनी तो अभिमानाने पुढे पाठवला, काहींनी टिंगल करत. त्याच वर्षी डिसेंबरमध्ये केंद्रीय संस्कृत विद्यापीठांच्या विधेयकावर लोकसभेत चर्चा चालू असताना मध्य प्रदेशातले खासदार गणेश सिंह यांनीही नासाचाच हवाला दिला. संस्कृतमध्ये प्रोग्रामिंग केले तर ते निर्दोष होईल, असे त्यांचे म्हणणे होते. रोज संस्कृत बोलल्याने मधुमेह आणि कोलेस्टेरॉल आटोक्यात राहते, असेही त्यांनी एका अमेरिकी संशोधनाच्या नावावर सांगितले. हा दावा या दोघांनी जन्माला घातलेला नाही. ई-मेलच्या काळापासून तो हातोहात चालत आला आहे, आणि प्रत्येक हाताने त्यात थोडी भर घातली आहे. त्यामुळे ‘खरे की खोटे’ एवढाच निवाडा त्याला पुरत नाही. त्याच्याकडे पाठभेद असलेल्या संहितेसारखे पाहावे लागते आणि मूळ पाठ कोणता, प्रक्षेप कुठले, हे शोधावे लागते.

हे शास्त्र महाराष्ट्राला बाहेरून मागून आणावे लागत नाही. पुण्याच्या भांडारकर प्राच्यविद्या संशोधन संस्थेने १९१९ मध्ये महाभारताच्या चिकित्सक आवृत्तीचे काम हाती घेतले, १९२५ पासून विष्णु सीताराम सुकथनकर त्याचे प्रमुख संपादक झाले, आणि १९६६ मध्ये, म्हणजे सुकथनकरांच्या निधनानंतर तेवीस वर्षांनी, मुख्य संहिता पूर्ण झाली. या कामासाठी १,२५९ हस्तलिखिते तपासली गेली. एखादा श्लोक लोकांच्या तोंडी आहे किंवा लाडका आहे म्हणून तो मूळचा ठरवायचा नाही. तो कोणत्या परंपरेच्या कोणत्या पोथ्यांत आढळतो आणि कुठे आढळत नाही हे पाहायचे, हा तिथला दंडक होता. त्यात पिढ्यान्‌पिढ्या प्रिय असलेले प्रसंगही मुख्य संहितेतून तळटीपांत गेले. श्रद्धेचा ग्रंथ या कसोटीला उतरवण्याचे धैर्य ज्या विद्वानांनी दाखवले, त्यांच्याच प्रांतात फोनवर आलेला निरोप न तपासता पुढे ढकलला जावा, हे मला खरोखर बोचते.

निरोपाचे पाठ शेजारी शेजारी ठेवले की काही गोष्टी लगेच उघड्या पडतात. एका पाठात ‘फोर्ब्ज’च्या जुलै १९८७ च्या अंकाचा हवाला असतो. मात्र लेखाचे शीर्षक, लेखकाचे नाव, पानाचा आकडा यांपैकी काहीही नसते, आणि ‘फोर्ब्ज’ तेव्हा पाक्षिक होते हेही हवाला देणाऱ्याच्या गावी नसते. दुसऱ्या पाठात नासाकडे साठ हजार ताडपत्रे असतात. तिसऱ्यात अमेरिका संस्कृतवर चालणारा सहाव्या आणि सातव्या पिढीचा महासंगणक बनवत असते आणि त्याची मुदतही ठरलेली असते. मधुमेहाचा पाठ फक्त काहींतच आहे. तपशील पाठापाठाला बदलतात. सगळ्यांत समान आहेत फक्त तीन गोष्टी: संस्कृत, संगणक आणि नासा. सुकथनकरांच्या पद्धतीने पाहिले तर मूळ पाठात एवढेच असणार, आणि ते मूळ सापडतेही.

‘एआय मॅगझिन’ या नियतकालिकाच्या १९८५ च्या वसंत अंकात रिक ब्रिग्ज यांचा ज्ञाननिरूपण, संस्कृत आणि कृत्रिम बुद्धिमत्ता या विषयावर एक लेख आहे. नियतकालिक अमेरिकेतल्या कृत्रिम बुद्धिमत्तेच्या अभ्यासकांच्या संघटनेचे होते, नासाचे नव्हते. ब्रिग्ज ज्या संशोधन संस्थेत होते ती कॅलिफोर्नियात नासाच्या एम्स केंद्रात होती, म्हणून लेखाखालच्या पत्त्यात ते नाव आले. पत्त्यातले नाव पुढे वक्त्याचे नाव झाले, आणि एका संशोधकाचे मत एका सरकारी अंतराळ संस्थेचा निर्वाळा बनले. पुढल्या सगळ्या प्रक्षेपांची सुरुवात या बदलात आहे. पिढ्यांचे आकडे कुठून आले याचाही अंदाज करता येतो. जपानने १९८२ मध्ये ‘पाचव्या पिढीच्या संगणका’चा मोठा सरकारी प्रकल्प सुरू केला होता आणि त्या दशकात वर्तमानपत्रे त्याविषयी भरभरून लिहीत होती. पाचवी पिढी जपानची, मग सहावी अमेरिकेची आणि तीही संस्कृतची, अशी ती साखळी जुळली असावी. डिसेंबर १९८६ मध्ये संस्कृतमधील ज्ञाननिरूपण आणि अनुमान या विषयावर बंगळूरला राष्ट्रीय परिषद झाली, तिचा वृत्तान्त ब्रिग्ज यांनीच त्या नियतकालिकात लिहिला. म्हणजे पंडित आणि संगणकतज्ज्ञ त्या काळी खरोखर एकत्र बसले होते. मूळ घटना काल्पनिक नाही, आणि म्हणूनच तिच्यावर चढलेली भर ओळखणे अवघड जाते.

ब्रिग्ज यांचे म्हणणे तरी काय होते? त्या काळचे संशोधक वाक्याचा अर्थ यंत्राला कळावा म्हणून त्याचे जाळ्यासारखे चित्र काढत: मधे क्रिया, आणि तिच्याशी जोडलेले कर्ता, कर्म, साधन, काळ. ब्रिग्ज यांनी दाखवले की भर्तृहरीपासून नागेशभट्टापर्यंतच्या वैयाकरणांनी शाब्दबोधासाठी, म्हणजे वाक्यातून होणाऱ्या अर्थज्ञानासाठी, वाक्याचा जो उलगडा केला, तो या चित्रांशी विलक्षण जुळतो. नागेशभट्ट काळे हे काशीत राहणारे महाराष्ट्रीय पंडित. शृंगवेरपूरच्या रामसिंह राजाचा त्यांना आश्रय होता. त्यांचा ‘परिभाषेन्दुशेखर’ डेक्कन कॉलेजमधल्या फ्रान्झ कीलहॉर्न यांनी १८६८ मध्ये संपादून मुंबईहून प्रसिद्ध केला. संगणकाच्या कित्येक दशके आधी या परंपरेची ओळख पुण्यातून जगाला होत होती. त्या परंपरेचा उलगडा कसा असतो ते मराठीतच पाहू. ‘चैत्र गावाला जातो’ या वाक्याचा अर्थ वैयाकरण साधारण असा फोडतील: चैत्राहून भिन्न नसलेला, एकत्वाने युक्त असा कर्ता जिचा आहे, गावाशी संयोग हे जिचे फळ आहे, अशी वर्तमानकाळात चाललेली क्रिया. वाक्य मराठी आहे, फोड मराठीत आहे, आणि पद्धतीचे काहीच बिघडले नाही. याचा अर्थ, मोल आहे ते विश्लेषणाच्या पद्धतीचे. संस्कृत भाषा जन्मतःच यंत्रासाठी घडलेली आहे, असे त्यातून निघत नाही. ब्रिग्ज यांच्या लेखातही संस्कृतच्या अंगच्या असंदिग्धतेचे कौतुक जरा सैल हाताने झाले आहे, असे मला वाटते. पण संस्कृतमध्ये प्रोग्रामिंग करावे, असे ते लेखात कुठेही सांगत नाहीत.

संस्कृतमध्ये एका वाक्याचा एकच अर्थ निघतो, हा या दाव्याचा कणा आहे. त्याला पहिला विरोध संस्कृतच्याच शास्त्रकारांचा आहे. वाक्यार्थात मुख्य काय, या प्रश्नावर वैयाकरण म्हणाले क्रिया, नैयायिक म्हणाले प्रथमान्त पदाचा अर्थ, मीमांसक म्हणाले भावना, म्हणजे घडवून आणण्याचा व्यापार. आणि हा वाद शतकानुशतके चालला. वाक्य ऐकताच अर्थ एकमुखाने ठरत असता, तर त्याचा उलगडा करायला तीन शास्त्रांना इतका घाम गाळावा लागला नसता. ‘श्वेतो धावति’ हे पाठशाळेतल्या विद्यार्थ्यालाही ठाऊक असलेले उदाहरण आहे: पांढरा धावतो, की कुत्रा इथून धावतो? संधी कशी सोडवाल त्यावर अर्थ ठरतो. पुढे कवींनी या शक्तीचा उत्सव केला. धनंजयाच्या द्विसंधान काव्यात आणि कविराजाच्या ‘राघवपाण्डवीया’त तेच शब्द एकाच वेळी रामाची आणि पांडवांची कथा सांगतात. श्लेष हे संस्कृतचे वैभव आहे. यंत्राच्या सोयीसाठी ते तिच्यापासून हिरावून घेणे म्हणजे तिला तिच्याच साहित्याविरुद्ध साक्षीला उभे करणे होय.

मंत्र्यांनी दिलेले कारण वेगळे होते, म्हणून तेही तपासले पाहिजे. उच्चाराप्रमाणे लेखन ही सोय संस्कृतपुरती नाही. तुर्की आणि फिनिश भाषांतही ती मोठ्या प्रमाणात आहे. दुसरे म्हणजे बोलणारा संगणक २०१९ मध्ये यायचा बाकी नव्हता. अमेरिकेतल्या बेल लॅब्जमध्ये १९६१ मध्ये संगणकाच्या आवाजात गाणे ऐकवले गेले होते, २०११ पासून आयफोनवर सिरी बोलत होती, आणि ती सुरुवातीला बोलली इंग्रजी, फ्रेंच आणि जर्मनमध्ये. यांतल्या निदान पहिल्या दोन भाषांचे स्पेलिंग आणि उच्चार यांची फारकत जगजाहीर आहे. सिरीसारख्या यंत्रांना बोलते केले ते ध्वनीच्या मोठ्या साठ्यांनी आणि संख्याशास्त्राने. भाषांतराचीही तीच कथा. सुरुवातीच्या दशकांत नियम लिहून भाषांतर करण्याचा प्रयत्न झाला, नव्वदच्या दशकापासून शेजारी शेजारी ठेवलेल्या दोन भाषांच्या मजकुरावरून संभाव्यता मोजणे सुरू झाले, आणि २०१७ नंतरच्या पद्धतींना तर अफाट मजकूर लागतो. ज्या भाषेचा मजकूर जास्त, तिचे काम आधी. गूगल ट्रान्सलेटमध्ये मराठी मे २०१३ मध्ये आली. संस्कृत मे २०२२ मध्ये, कोकणीबरोबर. संगणकासाठी सर्वांत योग्य भाषा मराठीनंतर नऊ वर्षांनी कशी आली, याचे उत्तर त्या दाव्याजवळ नाही.

यावर एक गंभीर आक्षेप घेतला जाईल आणि तो टाळता येणार नाही. पाणिनीचे काय? सुमारे चार हजार सूत्रांत बांधलेली, संज्ञा, परिभाषा, अनुवृत्ती आणि अपवाद यांची अशी शिस्तबद्ध रचना दोन हजार वर्षांपूर्वी दुसरीकडे कुठे होती? हा आक्षेप बरोबर आहे आणि संगणकशास्त्रानेही तो मान्य केला आहे. प्रोग्रामिंगच्या भाषांचे व्याकरण मांडायची जी पद्धत जॉन बॅकस यांनी १९५९ मध्ये दिली, तिला पाणिनीचेही नाव जोडावे, अशी सूचना पीटर इंगरमन यांनी १९६७ मध्ये संगणकशास्त्राच्या एका नामांकित नियतकालिकात केली होती. ब्रिग्ज यांच्या अठरा वर्षे आधीचा हा दाखला नेमका आहे, पडताळता येतो, आणि व्हॉट्सअ‍ॅपवर त्याला कोणी विचारत नाही. पण पाणिनीचे श्रेय व्याकरणकाराचे आहे. इतकी काटेकोर मांडणी त्याने केली ती भाषा आयती काटेकोर होती म्हणून नव्हे. लोकांच्या बोलण्यातली अनियमितता त्याने पाहिली, प्राच्य (पूर्वेकडच्या) आणि उदीच्य (उत्तरेकडच्या) बोलींचे भेद नोंदवले, वैदिक रूपांसाठी वेगळी सूत्रे लिहिली. संस्कृत स्वभावतःच यंत्रासारखी होती असे म्हटले, की पाणिनीने काही केलेच नाही असे होते.

दुसरा आक्षेप मवाळ असतो: असेना का थोडी अतिशयोक्ती, त्यामुळे लोकांना संस्कृतविषयी आदर तर वाटतो. परकीय दाखल्याची ही ओढ कुठून आली हे समजण्यासारखे आहे. विल्यम जोन्स यांनी १७८६ मध्ये कलकत्त्याला संस्कृतच्या रचनेची वाखाणणी केली, पुढे माक्स म्यूलर यांचे नाव घरोघर पोचले, आणि पारतंत्र्यात मान खाली गेलेल्या समाजाला त्या शब्दांनी धीर दिला. त्या जागी आता नासा येऊन बसली आहे. पण त्या पारतंत्र्यातच, १८८८ मध्ये, रामकृष्ण गोपाळ भांडारकरांनी मुंबईत चिकित्सक, तौलनिक आणि ऐतिहासिक पद्धतीवर व्याख्यान दिले. प्रशंसा असो वा निंदा, ती पुराव्याने तोलावी, अशी त्यांची मागणी होती. आदर असत्यावर उभा राहिला तर फुकट जाणाऱ्या श्रमांचा हिशेब कोणी ठेवत नाही. डेक्कन कॉलेजमध्ये १९४८ साली सुमित्र मंगेश कत्रे यांनी ऐतिहासिक तत्त्वावरचा संस्कृत महाकोश सुरू केला. सुमारे पंधराशे ग्रंथांतून जवळपास एक कोटी शब्दपट्ट्या काढल्या गेल्या, पहिला भाग १९७६ मध्ये आला, आणि तीसहून अधिक भाग निघाल्यावरही काम ‘अ’ या पहिल्या अक्षरातच आहे. संगणकाला संस्कृत शिकवायचे तर ज्याची गरज आहे तो साठा हाच. मंत्र्यांनी जिथे भाषण केले त्या आयआयटी मुंबईत मल्हार कुलकर्णी आणि त्यांचे सहकारी संस्कृत वर्डनेट, म्हणजे शब्दांच्या अर्थसंबंधांचे जाळे, बांधण्याचे काम करत होते. हैदराबाद विद्यापीठात अंबा कुलकर्णी आणि पॅरिसजवळ जेरार उए यांनी संधी सोडवणारी, पदे ओळखणारी साधने वर्षानुवर्षे घडवली. एका श्लोकाच्या शेकडो संभाव्य फोडींतून योग्य फोड निवडणे हा त्यांचा रोजचा झगडा आहे. दीक्षान्ताच्या व्यासपीठावरून त्या मंडळींची नावे आणि त्यांच्या अडचणी सांगता आल्या असत्या. पट्ट्या तपासायला किती माणसे लागतील आणि किती निधी लागेल, हेही सांगता आले असते.