विश्वासराव वाचले असते तर?

नेरे येथील दहावीच्या मुलांशी गप्पा मारायला गेलो होतो. ठरलेला विषय होता विज्ञानातील प्रयोग. मध्येच एका मुलाने विचारले, "सर, पानिपतावर विश्वासरावांना गोळी लागली नसती तर?" जयंत नारळीकरांची 'गंगाधरपंतांचे पानिपत' ही कथा त्याने वाचली होती. तीत गोळी चुकते आणि हिंदुस्थानचा इतिहास वेगळी वाट धरतो.

कथा म्हणून ती झकासच आहे. पण इतिहासाच्या तासाला हा प्रश्न आला, तर "इतिहासात जर-तरला अर्थ नसतो" असे सांगून तो मिटवावा का? मला तसे वाटत नाही. प्रयोगशाळेत आपण दुसरे काय करतो? एक घटक बदलतो, बाकीचे तसेच ठेवतो आणि निष्पत्ती पाहतो. फक्त कोणता घटक बदलायचा, हे विचारपूर्वक ठरवावे लागते.

१४ जानेवारी १७६१ च्या दुपारपर्यंत लढाईचे पारडे मराठ्यांकडे झुकलेले होते. इब्राहिमखान गारद्याच्या तोफांनी रोहिल्यांची दाणादाण उडवली होती. दुपारी विश्वासराव पडले, अब्दालीने राखीव फौज पुढे घातली आणि चित्र पालटले. समजा, गोळी चुकली. तरीही ती राखीव फौज होतीच, आणि मराठ्यांकडे तशी ताजी तुकडी नव्हती. त्याहून महत्त्वाचे म्हणजे सैन्य उपाशी होते. ऑक्टोबर १७६० मध्ये अब्दाली बागपतजवळ यमुना ओलांडून मराठ्यांच्या आणि दिल्लीच्या मध्ये आला. रसद पाठवणारे गोविंदपंत बुंदेले डिसेंबरात मारले गेले. बाजारबुणगे, यात्रेकरू, जनावरे यांच्यासह एवढा मोठा तळ अडीच महिने एका जागी अडकला होता. म्हणून गोळीऐवजी रसदेचा घटक बदलून पाहावा. अब्दालीला यमुनेवरच अडवले असते तर? हा 'जर' मला अधिक वजनदार वाटतो.

पण ही अटकळ तपासायची कशी? इतिहास पुन्हा घडवता येत नाही. मात्र कधीकधी तो स्वतःच दुसरा प्रयोग मांडून ठेवतो, आणि तो नेऱ्याच्या अगदी जवळ झाला आहे.

नोव्हेंबर १७७८ मध्ये रघुनाथरावांना पुण्याच्या गादीवर बसवण्यासाठी ईस्ट इंडिया कंपनीची फौज मुंबईहून निघाली आणि पनवेलला उतरली. लढणारे सुमारे ३,९०० आणि सामान वाहायला सुमारे १९ हजार बैल! बोरघाट चढून तळेगावला पोचायला तिला ९ जानेवारी १७७९ उजाडले. म्हणजे दीड महिना. समोर महादजी शिंदे होते. पानिपतावर जखमी होऊन कायमचे लंगडे झालेले हेच ते महादजी. मराठ्यांनी मोठी लढाई टाळली, वाटेवरचा दाणागोटा नाहीसा केला, तळेगाव जाळून मोकळे केले. कंपनीची फौज रात्रीतून मागे फिरली, वडगावला घेरली गेली आणि जानेवारीच्या मध्यावर तिला तह करावा लागला.

या मोहिमेतही एक शूर अधिकारी पडला. कॅप्टन स्टुअर्ट कार्ल्याजवळ मारला गेला. मराठ्यांनाही त्याचे कौतुक होते, 'इष्टुर फाकडा' हे नाव त्यातूनच आले. पण तो वाचला असता तर कंपनी जिंकली असती, असे कोणी म्हणत नाही. पानिपतावर उपाशी बाजू मराठ्यांची होती, वडगावला कंपनीची. हरली दोन्ही वेळा उपाशी बाजूच.

अर्थात दोन प्रयोगांवरून नियम सिद्ध होत नाही. शिवाय पानिपत जिंकले असते तरी १७५७ पासून बंगालवर बसलेली कंपनीची पकड त्यामुळे सुटली नसती. आणि हरल्यावरही दहाच वर्षांनी, १७७१ मध्ये, मराठे पुन्हा दिल्लीत होते. एका लढाईवर किती भार टाकायचा, याचाही विचार हवा.

मुलांना मात्र ते बैल आवडले. एकीने लगेच विचारले, "एक बैल रोज किती खातो?" घरी गुरे असलेल्या मुलांत थोडा वाद झाला. शेवटी सुका चारा निदान पाच किलो असे ठरले. फळ्यावर गुणाकार झाला : दिवसाला ९५ टन. मग कोणीतरी म्हणाले, "आता पानिपतचे घोडे करू या." घंटा झाली तरी वर्ग उठला नव्हता.