गाण्यांचा शोध : एका नव्या अभ्यासाची प्रस्तावना

बारडोली म्हटले की 1928चा सत्याग्रह आणि वल्लभभाई पटेल आठवतात. उधन्याहून जळगावकडे जाणारा तापी खोऱ्याचा लोहमार्गही याच गावावरून जातो. पोटापाण्यासाठी खानदेशातून सुरतेकडे आलेल्या मराठी कुटुंबांचा हा जाण्यायेण्याचा रस्ता. अशा घरांतल्या फोनमध्ये अहिराणी लग्नगीते, मराठी अभंग, गुजराती गरबे आणि हिंदी चित्रपटगीते शेजारी शेजारी नांदतात. नावे कधी देवनागरीत, कधी गुजराती लिपीत, कधी रोमनमध्ये. या गर्दीतून हवे ते गाणे क्षणात पुढे यावे, यासाठी प्रोग्राम कसा लिहावा हा आपला विषय. त्याच्याकडे वळलेल्या प्रत्येकाचे मनापासून स्वागत.

शोध मंदावतो तो बहुधा एकाच कारणाने : तेच काम पुन्हा पुन्हा केले जाते. कळ दाबली की प्रोग्राम सगळी नावे उचलतो, प्रत्येकाचे रूप सारखे करून घेतो आणि मग तपासतो. रूप सारखे करण्याचे काम गाणे संग्रहात येतानाच एकदा करून ठेवावे. नावे क्रमाने लावली, तर एक लाख नावांत सुरुवातीची अक्षरे जुळणारी जागा फार तर 17 तुलनांत सापडते. ‘बहि’नंतर ‘बहिणा’ टाइप झाले, तर आधीच्या निकालातच चाळावे, पुन्हा साऱ्या संग्रहात शिरू नये. नवखे अभ्यासक बॉयर-मूरसारख्या 1977च्या नामांकित रीतींकडे आधी धावतात. त्या सुंदर आहेत, जरूर शिकाव्यात. पण गाण्यांची नावे आखूड असतात, आणि तिथे खरा लाभ पूर्वतयारीचाच होतो असे माझे ठाम मत आहे.

नावाच्या मधलाच तुकडा शोधायचा, तर तीन-तीन अक्षरांच्या तुकड्यांची सूची करतात. इथे आपल्या लिपीकडे नीट पाहावे लागते. यूटीएफ-8मध्ये देवनागरीचे प्रत्येक चिन्ह तीन बाइट घेते. बाइट मोजून तुकडे पाडणाऱ्या साधनाच्या हाती त्यामुळे जेमतेम एक चिन्ह लागते, आणि एका चिन्हावरून गाणी वेगळी करता येत नाहीत. ‘चेहऱ्यावर’ हा शब्द घ्या. त्यातला अर्धा र ‘ऱ’ या स्वतंत्र चिन्हापासून घडवता येतो, किंवा साध्या ‘र’ला हलंत आणि अदृश्य जोडचिन्ह लावूनही. पडद्यावर दोन्ही सारखेच दिसतात, प्रोग्रामला मात्र ते दोन निराळे शब्द वाटतात. युनिकोडचे ठरीव प्रमाणीकरणही त्यांना एक करत नाही. तो नियम आपणच लिहायचा.

गुजराती लिपीने मात्र आपले काम सोपे केले आहे. युनिकोडने भारतीय लिप्यांची मांडणी 1988च्या इस्की मानकावरून घेतली, म्हणून समान अक्षरे समान अंतरावर बसली. गुजराती ‘ક’च्या क्रमांकातून 384 वजा केले की देवनागरी ‘क’ मिळतो, ‘ળ’मधून ‘ळ’. एका वजाबाकीत दोन लिप्यांची नावे एकाच सूचीत येतात. रोमन नावांना अशी सोय नाही; त्यांच्यासाठी उच्चारावरून जुळवणी करावी लागते.

अभ्यासाला स्वतःच्याच संग्रहापासून सुरुवात करा आणि बदल करण्याआधी वेळ मोजा. अहिराणी ज्यांच्या घरात बोलली जाते, त्यांना एक विनंती आहे : एकाच गाण्याचे नाव लोक किती तऱ्हांनी लिहितात, त्याची यादी करायला घ्या. वेगवान शोधाला सर्वांत आधी तीच लागणार आहे.