फीडलॉटमधल्या वासरांना 'शिपिंग फीव्हर' का होतो?

अमेरिकेत टेक्सास, कॅन्सस, नेब्रास्का या राज्यांत मांसासाठीची जनावरं शेवटचे काही महिने 'फीडलॉट'मध्ये, म्हणजे मोठ्या उघड्या आवारांत, धान्यावर पोसली जातात. तिथे सर्वाधिक जनावरं दगावतात ती श्वसनाच्या आजाराने. त्याचं जुनं नाव 'शिपिंग फीव्हर', म्हणजे प्रवासाचा ताप. नाव अगदी नेमकं आहे.

नुकतंच दूध तोडलेलं वासरू बाजारात विकलं जातं, ट्रकमधून शेकडो किलोमीटर जातं आणि अनोळखी कळपात मिसळतं. या ताणाने प्रतिकारशक्ती घटते. त्यातच आयबीआर, बीव्हीडी किंवा बीआरएसव्ही यांसारखे विषाणू गाठतात. श्वासनलिकेचं अस्तर खराब झालं, की एरवी नाकात निरुपद्रवी राहणारा 'मॅनहाइमिया' हा जिवाणू फुप्फुसात उतरतो आणि न्यूमोनिया होतो. अँटिबायोटिक या जिवाणूवर चालतं, विषाणूवर नाही.

बीव्हीडी जास्त फसवा. गाभण गाईला साधारण पहिल्या चार महिन्यांत त्याची लागण झाली, तर जन्मणारं वासरू आयुष्यभर विषाणू पसरवत राहू शकतं. दिसायला मात्र कधी कधी ठणठणीत! कानाचा छोटा तुकडा तपासला की ते सापडतं.

लशी आहेत, पण आवारात पोचल्यावर टोचल्या तर अनेकदा उशीर झालेला असतो. म्हणून विक्रीच्या साधारण ४५ दिवस आधीच दूध तोडून लसीकरण करतात. हा खर्च वासरू विकणाऱ्याचा. जादा भाव मिळाला तरच त्याला तो परवडतो.