बायसनचें कातडें आणि साधी सुरी

शिकारीच्या इतिहासांत बंदुकीला जितका मान मिळाला, तितका सुरीला कधींच मिळाला नाहीं. गोळी सुटते, जनावर कोसळतें, आणि शिकारकथा बहुधा तेथेंच संपते. शिकाऱ्याचें खरें काम मात्र त्यानंतर सुरू होतें. कातडें वेळींच उतरलें नाहीं, तर ऊब आंतच कोंडून मांस नासूं लागतें. आणि उतरवितांना पात्याचें टोंक घसरलें, तर कातड्याला भोंक पडून त्याची किंमत उतरते. या कामाला हत्यार कसें निवडावें, हा प्रश्न एकोणिसाव्या शतकांत उत्तर अमेरिकेच्या गवताळ मैदानांवर जितका कसाला लागला, तितका क्वचितच दुसरीकडे लागला असेल.

त्या मैदानांतील मुख्य जनावर बायसन. आपल्याकडील गव्याचा हा दूरचा भाऊबंद. पूर्ण वाढलेल्या नराचें वजन दोन हजार पौंडांपर्यंत भरतें. तेथील मूळच्या रहिवाशांनीं हजारों वर्षें या जनावरावर आपला संसार चालविला. कॅनडांतील आल्बर्टा प्रांतांत हेड-स्मॅश्ड-इन नांवाचा एक कडा आहे. कळपाला हुसकावून कड्यावरून खालीं लोटण्याची रीत तेथें जवळजवळ सहा हजार वर्षें चालू होती. कड्याच्या पायथ्याशीं हाडांच्या थरांबरोबर दगडी हत्यारें सांपडलीं आहेत. नुकत्याच फोडलेल्या गारेच्या कपचीची धार पोलादाला हार जाणारी नसते. पण ती लवकर मोडते आणि पुनः पुनः नवी काढावी लागते. म्हणूनच युरोपीय व्यापाऱ्यांनीं लोखंडी सुऱ्या आणल्या, तेव्हां केसाळ कातड्यांच्या मोबदल्यांत त्यांचा खप भराभर होऊं लागला. सोलण्याचें आणि कातडें कमावण्याचें काम बहुतेक जमातींत स्त्रियांकडे असे. मांसाचें अन्न, कातड्याचे तंबू, स्नायूंचा दोरा, हाडांचीं अवजारें, असा त्या जनावराचा सर्वांगीण उपयोग होई.

याच शतकांत दुसऱ्या एका सुरीनें अमेरिकन जनतेच्या मनावर मोहिनी घातली. १८२७ सालीं मिसिसिपी नदीच्या वाळवंटावर झालेल्या एका मारामारींत जेम्स बोवी यानें मोठी सुरी चालवून प्रतिस्पर्ध्याला ठार केलें. आणि १८३६ सालीं अलामोच्या वेढ्यांत तो स्वतः पडल्यावर त्याच्या नांवाची सुरी सर्वत्र गाजली. लांब जाड पातें, अणकुचीदार टोंक, पुष्कळदां मुठीजवळ आडवा गज, असा तिचा थाट. ती कंबरेला शोभे आणि द्वंद्वांत उपयोगीहि पडे. परंतु सोलणाऱ्याच्या दृष्टीनें तिच्यांत दोषच अधिक. टोंक कातड्यांत रुते, जाड पातें मांस व कातडें यांमधील पातळ पडद्यांतून सरकत नसे, आणि गज बोटांच्या आड येई.

कामाची सुरी निघाली ती निराळ्याच ठिकाणीं. मॅसॅच्युसेट्स संस्थानांतील ग्रीनफील्ड येथें जॉन रसेल यानें १८३४ सालीं पटाशा बनविण्याचा छोटा कारखाना काढला, आणि थोड्याच काळांत तो खाटकांच्या व स्वयंपाकघराच्या सुऱ्यांकडे वळला. तोंपर्यंत अमेरिकेचा सुऱ्यांचा बाजार इंग्लंडांतील शेफील्डच्या हातीं होता. रसेलनें तेथील कुशल कारागीर अधिक मजुरी देऊन बोलाविले आणि घणाचें काम यंत्राकडे सोंपविलें. कारखान्याशेजारच्या नदीवरून घेतलेला 'ग्रीन रिव्हर वर्क्स' हा शिक्का पश्चिमेकडे विश्वासाची खूण बनला. फरच्या शिकाऱ्यांचे मेळावे ज्या ग्रीन नदीवर भरत, ती वायोमिंगमधील नदी वेगळी. नांवांच्या या योगायोगानें पुढें पुष्कळ दंतकथांना जन्म दिला.

रसेलची ही सुरी मुळांत खाटकाचीच. अनुभवी सोलणारा दोन सुऱ्या बाळगी. एक सरळ व टोंकदार, पोटावर आणि पायांच्या आंतल्या बाजूनें चीर घेण्यासाठीं. दुसरी रुंद, जिची धार टोंकाकडे गोलाईनें वर चढत जाते, ती कातडें सोडविण्यासाठीं. गोल धारेचा लाभ असा कीं, मनगट थोडें वळवितांच लांब कांप बसतो, आणि टोंक वर राहिल्यामुळें कातड्याला इजा होत नाहीं. आपल्याकडील चर्मकाराची रापी पाहिली म्हणजे गोल धारेचा हा गुण सहज ध्यानांत येतो.

घडीचा चाकू खिशांत सोयीचा खरा; पण रक्त आणि चरबी त्याच्या सांध्यांत शिरली कीं तो धड उघडत नाहीं, आणि जोर दिला कीं सांधा ढिला होतो. अखंड सुरीला सांधाच नसतो. धुऊन पुसली कीं ती म्यानांत जाते. पात्याला फार कडक पाणी दिलें तर धार हाडाला लागून तुटते. फार मऊ ठेवलें तर लगेच बोथट होते. ग्रीन रिव्हरचें साधें पोलाद गंजत असे; पण सळईवर चार हात मारतांच त्याची धार परत येई. दिवसभर सोलणाऱ्याला हाच गुण मोलाचा. तीच सुरी संध्याकाळीं मांस कापी, तंबाखू चिरी आणि घोड्याच्या सामानाचें चामडेंहि नीट करी.

१८७१ च्या सुमारास बायसनचें कातडें यंत्रांच्या पट्ट्यांसाठीं कमावण्याची रीत साधली, आणि चित्र पालटलें. पूर्वीं मुख्यतः हिवाळ्यांतील केसाळ कातड्याला भाव असे; आतां कोणत्याहि ऋतूंतील कातडें विकूं लागलें. १८७२ सालीं रेल्वे कॅन्ससमधील डॉज सिटीस पोंचली. एक नेमबाज, कांहीं सोलणारे आणि एक गाडी, अशा टोळ्या मैदानभर पसरल्या. पहिल्या हंगामांत नवशिक्यांच्या हातून असंख्य कातडीं फाटलीं, नीट ताणून न वाळविल्यामुळें कुजलीं, आणि बाजारांत पोंचलेल्या एकेका कातड्यामागें अनेक जनावरें फुकट गेलीं. पुढें हात बसला, नासाडी पुष्कळच घटली. परंतु या कौशल्यानें कळप वांचले नाहींत. कातडें जितकें चांगलें उतरे, तितका धंदा किफायतशीर होई. १८७२ ते १८७४ या तीनच वर्षांत गोऱ्या शिकाऱ्यांनीं दक्षिणेकडील कळपांतील एकतीस लाखांवर जनावरें मारलीं, असा अंदाज विल्यम हॉर्नडे यानें केला आहे. १८८३ च्या सुमारास उत्तरेकडील कळपहि संपला, आणि त्यावर जगणाऱ्या जमातींवर उपासमार ओढवली.

हा हॉर्नडे वॉशिंग्टनच्या राष्ट्रीय संग्रहालयांत जनावरांचीं कातडीं पेंढा भरून उभीं करणाऱ्या खात्याचा प्रमुख होता. उरलेसुरले नमुने मिळविण्यासाठीं १८८६ सालीं तो माँटानांत गेला आणि सुमारें पंचवीस बायसन मारून घेऊन आला. १८८९ सालीं त्यानें प्रसिद्ध केलेल्या मोजणींत रानांतले व पाळलेले मिळून अवघे १,०९१ बायसन भरले. मग हाच मनुष्य त्यांच्या रक्षणासाठीं झटूं लागला; १९०५ सालीं स्थापन झालेल्या अमेरिकन बायसन सोसायटीचा तो पहिला अध्यक्ष झाला. आज बायसनची संख्या पुनः कांहीं लाखांवर गेली आहे, आणि त्या गोल धारेच्या सुऱ्याहि अद्याप बनतात. सुरी कशी निवडावी, हें त्या सोलणाऱ्यांनीं अचूक ओळखलें होतें. ती कोठें थांबवावी, याचा विचार मात्र बाजारानें त्यांना करूं दिला नाहीं.