ॲव्हनडेलचे पार्नेल

आयर्लंडांतील विक्लो परगण्यांत ॲव्हनडेल नांवाचा वाडा आहे. तेथें २७ जून १८४६ रोजीं चार्ल्स स्ट्यूअर्ट पार्नेल जन्मला. त्याच वर्षीं मेयो परगण्यांतील एका कुळाच्या झोपडींत मायकेल डॅव्हिट जन्मला. बटाट्यावरील रोगानें गरिबांचें अन्न हिरावून घेतलें होतें. त्या दुष्काळांत सुमारें दहा लक्ष माणसें मेलीं. डॅव्हिट चार वर्षांचा असतांना थकलेल्या खंडापायीं त्याच्या आईबापांना घराबाहेर काढण्यांत आलें. वाड्यांतला मुलगा व झोपडींतला मुलगा पुढें एकाच व्यासपीठावर उभे राहिले, हें आयरिश इतिहासांतील मोठें नवल होय.

पार्नेल घराणें मूळचें इंग्लिश, पंथानें प्रॉटेस्टंट आणि धंद्यानें जमीनदार. तथापि त्यांत स्वाभिमानाची परंपरा होती. चार्ल्सचे पणजोबा सर जॉन पार्नेल हे आयर्लंडचे अर्थमंत्री. आयरिश पार्लमेंट इंग्लंडच्या पार्लमेंटांत विलीन करण्यास विरोध केल्यामुळें १७९९ सालीं त्यांस पद गमवावें लागलें. आई डेलिया ही अमेरिकन. तिचे वडील १८१२ च्या युद्धांत इंग्रजी आरमाराशीं लढलेले सेनानी. १८५९ सालीं वडील वारले आणि पोरवयांतच चार्ल्स ॲव्हनडेलचा धनी झाला.

१८७५ सालीं तो पार्लमेंटांत गेला. १८७९ सालीं डॅव्हिटच्या पुढाकारानें 'लँड लीग' निघाली, तेव्हां अध्यक्षपद या जमीनदारानेंच पत्करलें. हुसकलेल्या कुळाची जमीन जो घेईल त्याच्याशीं कोणीहि व्यवहार ठेवूं नये, असें त्यानें १८८० च्या सप्टेंबरांत एनिस येथें सांगितलें. थोड्याच दिवसांत मेयोमधील कॅप्टन बॉयकॉट या कारभाऱ्यावर हें अस्त्र चाललें आणि त्याच्या नांवाचा शब्दच झाला. तोच शब्द १९०५ नंतर बंगाल-महाराष्ट्रांत घरोघरीं पोंचला.

१८८१ च्या ऑक्टोबरांत पार्नेलला किल्मेनम तुरुंगांत टाकलें. इतर पुढारीहि गजाआड गेले, तेव्हां चळवळीचा भार त्याची बहीण ॲना हिच्या स्त्रीसंघानें वाहिला. बायकांनीं गांवोगांव हिंडून बेघर कुटुंबांना निवारा दिला, कैद्यांच्या घरीं मदत पोंचविली. १८८२ च्या मे महिन्यांत सरकारशीं समझोता करून भाऊ सुटला, आणि त्यानें या संघाचा पैसा बंद करून तो मोडावयास लावला. ज्या बहिणीनें त्याचें काम राखलें, तिलाच त्यानें दूर सारलें. त्याच जुलैंत दुसरी बहीण, कवयित्री फॅनी, अमेरिकेंत वारली. ॲनानें भावाला कधींच क्षमा केली नाहीं. १९११ सालीं इंग्लंडच्या किनाऱ्यावर पोहतांना ती बुडाली.

१८८६ सालीं ग्लॅडस्टननें आयरिश स्वराज्याचें बिल मांडलें, तें पार्नेलच्या बळावर. बिल पडलें, तरी प्रश्न मिटला नाहीं. परंतु १८९० सालीं कॅप्टन ओशे याच्या घटस्फोटाच्या खटल्यांत त्याच्या पत्नीचा प्रियकर म्हणून पार्नेलचें नांव आलें. पक्ष फुटला, डॅव्हिटहि विरुद्ध गेला. १८९१ च्या जूनमध्यें पार्नेलनें त्या स्त्रीशीं विवाह केला आणि ६ ऑक्टोबरला, अवघ्या पंचेचाळिसाव्या वर्षीं, तो निवर्तला.

ॲव्हनडेल कर्जांत बुडालें होतें. तें घराण्याच्या हातून गेलें. १९०३ च्या कायद्यानें आयरिश कुळांना जमीन विकत घेण्याचा मार्ग रुंद झाला, आणि १९०४ सालीं ॲव्हनडेल सरकारनें घेऊन तेथें वनविद्येची शाळा काढली. कुळांना जमीन मिळाली. त्यांच्या कैवाऱ्याचें घर मात्र राहिलें नाहीं.