‘खेरीज’ आणि ‘जरी’: दक्षिण कोरियातील गोमांसविवादाची एक बाजू

परदेशी मालावरील बंदी उठते आणि तो माल पुन्हा दुकानात दिसू लागतो, ही घटना सामान्यतः व्यापाराच्या इतिहासात नोंदली जाते. परंतु २७ नोव्हेंबर २००८ रोजी दक्षिण कोरियातील ईमार्ट, लोट्टे मार्ट व होमप्लस या मोठ्या दुकानांच्या फळ्यांवर अमेरिकन गोमांस परत आले, त्या घटनेमागील इतिहास केवळ व्यापाराचा नाही. तो बऱ्याच अंशी शब्दांचा व भाषांतरांचाही इतिहास आहे. प्रस्तुत लेखात या दुसऱ्या बाजूचा थोडक्यात विचार करावयाचा आहे.

प्रथम घटनाक्रम पाहू. डिसेंबर २००३ मध्ये अमेरिकेच्या वॉशिंग्टन राज्यात एका गाईला मेंदूचा तो भयंकर रोग झाल्याचे आढळले आणि कोरियाने अमेरिकन गोमांसाची आयात तत्काळ बंद केली. तोपर्यंत कोरिया हा त्या मांसाच्या मोठ्या ग्राहकांपैकी एक होता. जानेवारी २००६ मध्ये ३० महिन्यांहून कमी वयाच्या जनावरांचे, हाडे काढलेले मांस घेण्याचे ठरले. पण त्याच वर्षाच्या अखेरीस आलेल्या मालात हाडांचे तुकडे सापडले आणि तो परत गेला. जुलै २००७ मध्ये काही दुकानांत विक्री सुरू झाली, तेव्हा निदर्शक थेट दुकानांत शिरले. ऑक्टोबर २००७ मध्ये पाठीच्या कण्याचे हाड सापडल्यामुळे आयात पुन्हा थांबली. हाडांविषयीची ही दक्षता बाहेरच्यास अतिरेकी वाटण्याचा संभव आहे. परंतु ज्या देशात हाडांचा रस्सा तासन् तास उकळून पितात आणि शेपटी, आतडी हेही आवडीने खातात, तेथे हाड ही टाकून देण्याची वस्तू नव्हे, हे ध्यानी घेतले पाहिजे.

१८ एप्रिल २००८ रोजी नवा करार झाला. नवनिर्वाचित राष्ट्राध्यक्ष ली म्युंग-बाक हे त्याच सुमारास अमेरिकन अध्यक्षांच्या भेटीसाठी कँप डेव्हिड येथे जात होते; त्यामुळे मांस देऊन भेट विकत घेतली, असा ग्रह जनतेत पसरला. कराराप्रमाणे ३० महिन्यांहून अधिक वयाच्या जनावरांचे मांसही येणार होते. मात्र त्याआधी अमेरिकेने जनावरांच्या खाद्यावरील निर्बंध अधिक कडक करून ते प्रसिद्ध करावेत, अशी अट होती.

आमच्या विषयाचा संबंध येथे येतो. अमेरिकन अन्न व औषध प्रशासनाने एप्रिलअखेर जो मजकूर प्रसिद्ध केला, त्याचा आशय असा होता की, मानवी आहारासाठी तपासून मान्य न झालेल्या जनावराचे शरीर खाद्यात वापरता येणार नाही. जनावर ३० महिन्यांहून लहान असेल किंवा त्याचा मेंदू व मज्जारज्जू काढलेला असेल, तर ते खेरीज करून. कोरियन शासनाने जनतेस जे सांगितले त्याचा अर्थ होता: जनावर जरी ३० महिन्यांहून लहान असले, तरी ते वापरता येणार नाही. मूळ मजकुरातील सूट भाषांतरात बंदी झाली. अपवाद दाखविणाऱ्या अव्ययाच्या जागी ‘जरी–तरी’चा संबंध आला आणि वाक्याचा अर्थ उलटला. मे महिन्यात शासनाला हे मान्य करावे लागले व इंग्रजी मजकूर चुकीचा वाचला गेला, असे त्याचे कारण देण्यात आले.

दोष केवळ शासनाकडे होता असे मात्र नाही. २९ एप्रिल २००८ रोजी एमबीसी या वाहिनीवरील ‘पीडी नोटबुक’ या कार्यक्रमाने लोकांच्या भीतीला मोठा आधार दिला. त्यातही भाषांतराचे दोष होते. अमेरिकेतील एका मृत तरुणीच्या मातेच्या तोंडचे रोगाचे सामान्य नाव पडद्यावरील अक्षरांत गोमांसाशी निगडित विशिष्ट रोगाचे नाव झाले. उभे राहू न शकणाऱ्या गाई जणू रोगीच आहेत, असे चित्र उभे राहिले. निर्मात्यांवर खटला झाला. सप्टेंबर २०११ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने त्यांची निर्दोष मुक्तता कायम केली; पण कार्यक्रमातील काही विधाने असत्य होती, असेही नमूद केले. दोन्ही पक्षांचा मजकूर असा सदोष असता सामान्य माणसाने विश्वास कशावर ठेवावा?

त्या माणसाने मेणबत्ती हाती घेतली. २ मे २००८ पासून सोलमध्ये सुरू झालेल्या सभांत प्रारंभी शाळकरी मुलींची संख्या लक्षणीय होती. १९८७ च्या लोकशाही आंदोलनाच्या स्मृतिदिनी, १० जून रोजी, प्रचंड जनसमुदाय जमला. शासनाने मालवाहू पेट्या रचून रस्ता अडविला आणि लोकांनी त्या अडथळ्यास उपहासाने राष्ट्राध्यक्षांच्या नावाचा किल्ला म्हटले. राष्ट्राध्यक्षांनी दोनदा क्षमा मागितली. जूनमध्ये पुन्हा बोलणी होऊन ३० महिन्यांहून लहान जनावरांचेच मांस यावे, असे ठरले. ग्राहकांचा विश्वास बसेपर्यंतची म्हणून केलेली ही तात्पुरती व्यवस्था पुढे १५ वर्षांहून अधिक काळ टिकली.

जुलैमध्ये काही व्यापाऱ्यांनी विक्री आरंभली. मोठी दुकाने मात्र नोव्हेंबरपर्यंत थांबली. तेव्हा जागतिक आर्थिक अरिष्ट आले होते आणि ‘हानू’ म्हणजे देशी गुरांचे मांस महाग होते. म्हणून गोमांसाचे परत येणे हा एका पक्षाचा वादातील विजय होता, असे म्हणता येत नाही. वयाची मर्यादा आणि किंमत यांनी आपापले काम केले. तिसरी गोष्ट लहान दिसते: त्याच वर्षी मांसाचा देश दर्शविणारी पाटी लावण्याचे बंधन सर्व उपाहारगृहांवर आले. आमच्या मते, त्या वर्षी कोरियन ग्राहकाला इतरांच्या भाषांतरावर विसंबून न राहता स्वतः वाचता येईल असा जो मजकूर मिळाला, तो ही पाटीच होय. ज्याला मांस नको होते त्याला ते टाळता येऊ लागले, आणि ज्याला हवे होते त्याला ते उघडपणे घेता येऊ लागले. २०१७ मध्ये तेथील बाजारात अमेरिकन मांसाने ऑस्ट्रेलियन मांसास मागे टाकले.

रोगाचे कोरियन नाव ‘ग्वांगुब्योंग’. त्याचे अवयव वेड, गाय व रोग असे आहेत. नावातच वेड असल्यामुळे भीती हीच वेडगळ, असे म्हणून मोकळे होणे शासनास सोपे झाले. पण लोकांची मुख्य तक्रार वैद्यकीय नव्हती; आपल्या ताटाविषयीचा निर्णय आपणांस न विचारता झाला आणि तो आपणांस नीट सांगितलाही गेला नाही, ही होती. कायद्याचा मजकूर एका भाषेतून दुसरीत आणणाऱ्या प्रत्येकाने, आमच्याकडील शासकीय अनुवादकांनीही, या प्रकरणाचे स्मरण ठेवावे. नामे व क्रियापदे आपण शब्दकोशात शोधतो. ‘खेरीज’ आणि ‘जरी’ यांसाठी मात्र कोश उघडण्याची गरज कोणास वाटत नाही.